भित्री मांजर हरवली असेल, तर आधी स्वतःचे परसू शोधा

रंगकाम चालू असताना उघड्या राहिलेल्या दारातून तुमची घरातच वाढलेली भित्री मांजर बाहेर गेली, हाका मारूनही ती ओ देत नाही, तेव्हा शोध किती लांबपर्यंत घ्यावा आणि पेडण्यातल्या तुमच्या वाड्यावरच्या मुलांना मदतीला बोलवावे का, असे तुम्ही विचारले आहे. मुलांना मुळीच बोलावू नका. हे मी इतके ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावरून आमच्या डिचोलीच्या घरात अजून वाद होतो.

दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री वाड्यावर कर्णे सुरू झाले, पाठोपाठ फटाके वाजले आणि उंबरठ्याबाहेर कधी पाऊल न टाकलेली आमची मणी मागीलदारातून सटकली. माझे थोरले दीर अशा वेळी सूत्रे हाती घेतल्याशिवाय राहत नाहीत. नरकासुर जाळून परतलेल्या मुलांना त्यांनी गोळा केले, विजेऱ्या वाटल्या आणि मणीच्या नावाचा गजर करीत सगळी फौज थेट नदीपर्यंत नेली. घाबरलेले मांजर सुसाट धावत सुटते, हा त्यांचा सिद्धान्त. पाहुणा आला तरी कपाटामागे दडणारे जनावर अनोळखी अंगणे ओलांडून जाईलच कसे, ते पहिल्या आडोशाला शिरून मुकाट बसेल, असे मी सांगत होते. पण घरातल्या सुनेचे त्या घाईत कोण ऐकतो?

पुढच्या रात्री वाडा निजल्यावर मी एकटी परसात उतरले. विजेरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरली, कारण मांजराच्या डोळ्यातील पडद्यामागचा चकचकीत थर प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो आणि विजेरी कमरेशी धरली तर ती चमक सहज निसटते. न्हाणीघरामागे चुलीसाठी रचलेल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात, अगदी तळाशी, दोन हिरवे ठिपके दिसले. दीर ज्या पायरीवर बसून नदीपलीकडच्या शोधाचा बेत आखत होते, ती तिथून हाताच्या अंतरावर आहे! मी तिला ओढले नाही. पाठ वळवून बसले, सुकी सुंगटे, म्हणजे सुकी कोळंबी, पुढे सारली आणि पहाटे ती आपल्या पायांनी बाहेर आली.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. हरवलेल्या मांजरांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरे सुटली तिथून ५०० मीटरच्या आत होती, आणि प्रत्यक्ष फिरून शोधणे हाच उपाय अधिक फळला होता. हाकेला ओ न देण्याचेही नवल नाही: मांजरे मालकाचा आवाज ओळखतात, पण बहुधा उठून येत नाहीत, असे जपानमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले आहे. त्यात मांजर भेदरलेले असेल, तर मालकासमोरही ते हूं की चूं करीत नाही.

म्हणून जिन्याखाली, माळ्यावर, लाकडांच्या खोपीत, शेजाऱ्यांच्या बंद पडवीत आणि रंगाऱ्यांच्या सामानामागे वाकून पाहा. विहिरीतही डोकावा. मात्र ढिगात हात घालू नका, साप असतो. आणि रात्री विजेरी घेऊन शेजारच्या परसात शिरण्याआधी त्यांना सांगून ठेवा. खस्सी न केलेला बोका असेल, तर तो खरोखरच लांब गेलेला असू शकतो, तेव्हा माझे म्हणणे त्याला लागू नाही. हाताला येतच नसेल, तर पशुप्रेमी संस्थेकडून पिंजरा मागून आणा आणि त्यावर लक्ष ठेवा.

मणी आपण होऊन परत आलीच असती, असे दीर आजही प्रत्येक चतुर्थीला जमलेल्या नातेवाइकांना सांगतात. तुमच्याकडेही असे कोणी वडीलधारे असतील, तर मांजरीच्या फोटोंच्या प्रती काढून आणण्यासाठी त्यांना म्हापशाला पाठवा. शेजाऱ्यांना देण्यासाठी त्या उपयोगी पडतातच, आणि तेवढ्या वेळात परसू शांतपणे पाहून होते.