आवड बदलली, म्हणजे कान चुकला का?

प्रश्न : वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर गीतरामायण ऐकत मी वाढलो. चाळिशीत किशोरी आमोणकरांचा भूप राग हाती लागला आणि आता दुसरे काही नकोसे वाटते. मात्र केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या कोरड्या का वाटतात?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपली आवड वाटते तितकी बदललेली नाही. गीतरामायणातले पहिलेच गीत, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, सुधीर फडक्यांनी भूपातच बांधले आहे. तेव्हा किशोरीताईंचा भूपातलाच ‘सहेला रे’ ऐकताना आपल्या कानाला ओळखीचे घर सापडले, एवढेच. (फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, हे आपणांस सांगायला नको.)

केसरबाईंविषयी मात्र आपण थोडा अन्याय करीत आहात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे तासाभराचा ख्याल आटवून, आलाप (रागाचा संथ विस्तार) आखडता घेऊन तानेकडे (द्रुत स्वरलडीकडे) धावणे भाग पडे. किशोरीताईंच्या वाट्याला एका बाजूवर वीसेक मिनिटे मावणारी दीर्घ तबकडी आली. शिवाय केसरबाई आणि किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई या दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे गाण्याचे मूळ एकच, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी आपल्याच गावात होते.

केसरबाईंकडे परतण्याआधी मध्ये मल्लिकार्जुन मन्सूर ऐका. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या खाँसाहेबांच्या मुलांकडून त्यांनी तालीम घेतली आणि त्यांच्या दीर्घ तबकड्याही मिळतात. महिनाभराने केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी पुन्हा लावा, पण खरखरीकडे दुर्लक्ष करून एकाच दमात किती लांब तान जाते ते मोजा.