चेनसॉ दोन महिन्यांत जाम झालं आणि दुकानदार म्हणतो तुम्ही ग्राहकच नाही

शिरपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी सविस्तर लिहून पाठवलंय, त्यातलं मुद्द्याचं सांगतो. भाऊ दुसऱ्यांच्या शेतात, बांधावरची झाडं मजुरीने तोडून देतात, सोबतीला भाचा असतो. जळगावच्या एका दुकानातून त्यांनी 58 सीसीचं चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत घेतली, 22 इंची बार (ज्या पट्टीवर चेन फिरते ती), वर एक जास्तीची चेन, सगळं मिळून साडेअकरा हजार. बिल कच्चं, हाताने लिहिलेलं, खाली शिक्का, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". पैसे फोनपेने दिले. दोन महिन्यांत मशीन तापून जाम झालं, आता दोरी ओढलीच जात नाही. आणि जास्तीची चेन तर पहिल्या दिवसापासून बारवरून निसटते. दुकानदार म्हणतो ऑइल कमी टाकलं म्हणून पिस्टन चिकटला, वॉरंटी बसत नाही, तुम्ही मशीनवर धंदा करता तेव्हा ग्राहक कोर्टात तुमचं कोणी ऐकणार नाही, दीड हजार द्या आणि मशीन ठेवून जा, खोलून बघतो. भाऊंचे प्रश्न दोन: मशीन देऊ का, आणि केस होते का.

भाऊ, मशीन देऊ नका. निदान असं एकटं सोडून तर अजिबात येऊ नका. तुमच्याकडे पक्कं बिल नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार ते जाम झालेलं मशीनच आहे. एकदा का दुकानाच्या मिस्तरीने ते खोललं, पिस्टन घासूनपुसून ठेवला, टाकीतलं पेट्रोल ओतून दिलं की मग तुम्ही काय दाखवणार? उद्या तो म्हणेल पिस्टन असाच निघाला, आणि तुम्हाला नाही म्हणायला काही उरणार नाही.

टाकीत पेट्रोल आणि ऑइलचं जे मिश्रण उरलंय ते तसंच राहू द्या. झाकण घट्ट लावा, मशीन चुलीपासून, विडी-काडीपासून लांब, सावलीत ठेवा. टू-टी ऑइलला, म्हणजे टू-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलला, बहुतेक वेळा रंग दिलेला असतो, म्हणजे टाकीत ऑइल होतं की नुसतं पेट्रोल होतं हे निदान नजरेला तरी कळतं, आणि पुढे तपासणीलाही तेच मिश्रण कामाला येतं. तुम्ही लिहिलंय की लिटरला 40 मिली टाकत होतो, म्हणजे एकास पंचवीस. बऱ्याच मशीनांना तेवढं सांगितलेलं असतं, काही कंपन्या आपल्याच ऑइलवर एकास पन्नास, म्हणजे लिटरला 20 मिली पण चालवायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलात काय लिहिलंय ते आधी बघा आणि त्या पानाचा फोटो काढा. मॅन्युअल दिलंच नसेल तर ते दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत स्पष्ट लिहायचं. ऑइलच्या रिकाम्या बाटल्या, पंपाच्या पावत्या, काही असेल ते गोळा करा.

आता पिस्टनचं. मी वकील आहे, मिस्तरी नाही, पण अशा प्रकरणात चांगल्या मिस्तरीकडून समजून घेतल्याशिवाय उलटतपासणी घेताच येत नाही. टू-स्ट्रोक मशीनचा सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. फाटलेल्या एअर फिल्टरमधून धूळ गेली असेल तर झीज हवा आत येते त्या बाजूला जास्त असते. ऑइल कमी पडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे येतात, एक्झॉस्टच्या बाजूला जास्त, पण बऱ्याचदा सगळीकडून. आणि मशीनचं सील किंवा कार्बोरेटरजवळचा रबर लीक असेल, कार्बोरेटरची सेटिंग चुकीची आली असेल, तर ऑइल बरोबर टाकूनसुद्धा पिस्टन तापून चिकटतो, कारण हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी जातं. हे तिसरं कारण तुमच्या हातचं नाही, ते मशीनमधलंच. म्हणून ओरखडे दिसले की ऑइल नव्हतंच, असं दुकानदाराने परस्पर ठरवायचं नाही, आणि तुम्हीपण मशीनच खराब होतं असं छातीठोक लिहू नका, लीकची तपासणी होऊ द्या. दोष होता हे शेवटी तक्रारदारालाच सिद्ध करावं लागतं.

दुकानदाराने अजून एक मुद्दा काढलाय की तुम्ही चेन ऑइलच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल टाकलं. टाकलं असेल तर ते चुकीचंच, त्याने बार आणि ऑइल पंप खराब होतो, पुढे टाकू नका. पण त्या टाकीचा आणि पिस्टनचा संबंध नाही, त्या दोन वेगळ्या टाक्या आहेत. हे नोटिशीत लिहायचंच.

आणि पेट्रोलबद्दल. पंपावर आता ई-20 मिळतं, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि छोट्या टू-स्ट्रोक मशीनांच्या बऱ्याच मॅन्युअलात दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं असतं. तुमच्यात तसं असेल आणि विकताना कोणी सांगितलं नसेल, तर माल विक्री कायदा 1930 चं कलम 16 उपयोगी पडतं: कशासाठी हवंय हे सांगून, दुकानदाराच्या भरवशावर माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. तुम्ही बाभळीच्या जाड खोडासाठी पाहिजे म्हणून सांगितलं होतं, त्यानेच 22 इंची सुचवलं, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ते मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. पुढे ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63(4) प्रमाणे प्रमाणपत्र जोडू.

तुमची जास्त भक्कम बाजू मात्र मला चेनची वाटते, पिस्टनची नाही. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात बारवर 0.058 गेज (खाचेची जाडी, इंचात) कोरलंय आणि चेनच्या पाकिटावर 0.050. म्हणजे बारची खाच साधारण दीड मिलीमीटर आणि चेनची खालची कडी 1.3 मिलीमीटर. अशी चेन खाचेत ढिली बसते, कलंडते, काप वाकडा जातो आणि निसटते. आयटीआयमधला कुठलाही मास्तर व्हर्नियर लावून पाच मिनिटांत मोजून देईल, त्याला लॅब लागत नाही. पिस्टनवर महिनोन्‌महिने भांडण चालेल, चेनवर दुकानदाराला बोलायला जागा नाही, चुकीचा माल दिलाय. पाकीट फेकू नका. ती चेन परत लावूही नका, धावती चेन मांडीवर आली म्हणजे काय होतं ते सांगायला नको. आणि पुढे कधी चेन घ्यायची वेळ आली तर नुसतं "22 इंची द्या" म्हणायचं नाही, पिच (कड्यांमधलं अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकचा (खाचेत बसणाऱ्या खालच्या कड्यांचा) आकडा, तिन्ही जुन्या चेनशी जुळवून बिलावर लिहून घ्यायचं.

आता "तुम्ही धंदा करता" याचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल बाहेर ठेवलाय हे खरं, पण तिथेच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात हे नीट उलगडून सांगितलं, स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच, आणि मदतीला एकदोन माणसं ठेवली तरी तो ग्राहकच राहतो. तुम्ही स्वतः मशीन धरता, भाचा फांद्या ओढतो. तुम्ही ग्राहक आहात. पाच मशीनं घेऊन माणसं कामाला लावली असती तर गोष्ट वेगळी होती. तक्रारीत "स्वयंरोजगार, उपजीविका" हे शब्द आणि घरात दुसरं उत्पन्न काय आहे ते स्वच्छ लिहायचं.

पण इथेच एक काळजी. तुम्ही शपथेवर लिहून देणार की मी झाडं तोडतो, तर समोरचा वकील विचारणार कुठली, कोणाच्या परवानगीने. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा 1964 च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, अंजन अशी झाडं आहेत, ती मालकाच्या स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. शिरपूरकडे अंजन काही कमी नाही. शहराच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा. आणि सातपुड्याच्या पायथ्याला वनहद्दीत चुकून जरी काप झाला तर भारतीय वन अधिनियमाच्या कलम 52 खाली मशीन, ट्रॅक्टर सगळं जप्त होतं. म्हणून आतापर्यंत ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्याकडून परवानगीची झेरॉक्स आणि सातबारा गोळा करा, जिथे परवानगी नव्हती ते काम लपवून शपथपत्र करू नका, आधी मला फोनवर सांगा. लाकूड वाहून नेताना पास लागतो का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच पुढची कामं घ्या.

बिलाचं फार मनावर घेऊ नका. पक्कं बिल न देणं हीच 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीपण. चेनबद्दल तुम्ही दुकानदाराला केलेला मेसेज आठव्या दिवशीचा आहे, तो बरोबर यात बसतो. त्या शिक्क्याने तुमचा हक्क जात नाही. मशीन ज्या खोक्यात आलं ते बघा, आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, मिळालं तर त्यालाही पार्टी करू, नसेल तर तेच तक्रारीत लिहू.

करायचं कसं ते सांगतो. आधी स्पीड पोस्टाने नोटीस, 15 दिवसांची मुदत, त्यात लिहायचं की मशीन तुमच्या आणि माझ्या दोघांच्या समोर, व्हिडिओ काढत, तटस्थ मिस्तरीकडे खोलायला मी तयार आहे, तारीख द्या. हे वाक्य महत्त्वाचं, पुढे ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ज्याला लोक ग्राहक कोर्ट म्हणतात तिथे, दिसतं की तुम्ही काही लपवलं नाही. मधल्या काळात 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्यानेही दुकानदार बोलायला येतो. नाहीच आला तर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दुकान जळगावचं असलं तरी तुम्ही जिथे राहता, काम करता तिथे दाखल करता येते, हा नव्या कायद्यातला बदल आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीसोबतच अर्ज द्यायचा की मशीन सील करून तज्ज्ञाकडे पाठवा, जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथला मेकॅनिकल विभाग सुचवता येईल. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, तेवढी तयारी ठेवा. समोरच्याला उत्तराला 30 दिवस, फार तर अजून 15, त्यापुढे मुदत नाही. तपासणी असलेल्या प्रकरणाला कायदा पाच महिने म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते धरून चाला. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण तेवढं थांबू नका, मशीन पडून गंजलं की तपासणीत काय निघणार.

आणि मधेच दुकानदार नवीन पिस्टन-सिलेंडर बसवून, बरोबर चेन द्यायला तयार झाला तर माझं मत, घ्या. तुमचा हंगाम बुडतोय, साडेअकरा हजारांसाठी वर्षभर धुळ्याच्या फेऱ्या परवडणार नाहीत. फक्त कुठला पार्ट बदलला, बसवलेल्या चेनचं गेज किती, आणि दुरुस्तीनंतर सहा महिन्यांची हमी, हे पक्क्या बिलावर सहीशिक्क्यानिशी घ्या, आणि जुना पिस्टन परत मागून घ्या.