सर्वांत जुना क्लब, पण खालच्या पायरीवर

इंग्लंडमधील शेफील्ड फुटबॉल क्लबविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न: शेफील्ड फुटबॉल क्लब हा जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब असल्याचे वाचले. शेफील्ड युनायटेड आणि शेफील्ड वेन्सडे ही नावे बातम्यांत दिसतात, पण या तिसऱ्या क्लबचे नाव कोणत्याच मोठ्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात सापडत नाही. ज्याने सुरुवात केली तोच मागे कसा राहिला?

उत्तर: आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. 24 ऑक्टोबर 1857 रोजी नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी हा क्लब स्थापन केला. क्रेसविक पेशाने वकील, तर प्रेस्ट मद्याचे व्यापारी. दोघेही क्रिकेटच्या वर्तुळातले होते आणि क्रिकेटचा हंगाम संपल्यावर हिवाळ्यात शरीराला व्यायाम मिळावा, हा त्यांचा साधा हेतू होता. शहरात खेळायला दुसरा क्लबच नसल्यामुळे सुरुवातीचे सामने सभासदांतच होत. एकदा विवाहित विरुद्ध अविवाहित, एकदा वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक विरुद्ध इतर, अशा वाटण्या करून ते खेळत.

ऑक्टोबर 1858 मध्ये क्लबने स्वतःची नियमावली मंजूर केली. ती आज वाचताना मौज वाटते. चेंडू हाताने ढकलायला किंवा मारायला परवानगी होती, मात्र धरून ठेवायला नव्हती. अपवाद होता तो जमिनीला न लागलेला चेंडू झेलणाऱ्याचा, कारण त्याला फ्री किक मिळे. प्रतिस्पर्ध्याला हाताने ढकलणे चालत असे, पण नडगीवर लाथ मारणे किंवा पायात पाय घालून पाडणे कोणत्याही परिस्थितीत मान्य नव्हते. आज ज्यावरून सर्वाधिक वाद होतात त्या ऑफसाइडचा तर तिथे उल्लेखही नव्हता. शेवटच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशा दोन फ्लॅनेलच्या टोप्या स्वतः आणायच्या होत्या, आणि एका बाजूने एक रंग घालायचा होता. म्हणजे संघ ओळखायचा तो जर्सीवरून नव्हे, तर डोक्यावरच्या टोपीवरून.

1860 मध्ये शहराच्या पश्चिमेस हॅलम हा दुसरा क्लब निघाला आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, सँडीगेटच्या मैदानावर बर्फात या दोन क्लबांचा सामना झाला. शेफील्डने तो 2-0 असा जिंकला. दोन क्लबांमधील जगातला सर्वांत जुना सामना म्हणून तो ओळखला जातो. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत शेफील्ड परिसरातील खेळाने इतके मूळ धरले की 1863 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनचे नियम एका बाजूला आणि शेफील्डचे नियम दुसऱ्या बाजूला, असे दोन प्रवाह नांदत होते. 1877 मध्ये ते एकत्र आले. कॉर्नर किक ही शेफील्डचीच देणगी असून लंडनच्या असोसिएशनने ती 1872 मध्ये स्वीकारली. गोलखांबांवर फितीऐवजी भक्कम आडवा दांडा बसवण्याची पद्धतही याच शहरात रुजली.

इतके सगळे ज्याच्या पदरी, तो क्लब मागे पडला याचे मुख्य कारण पैसा, किंबहुना पैसा न घेण्याचा आग्रह. क्लबचे सभासद सुखवस्तू घरांतले होते आणि खेळासाठी मोबदला घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. मात्र तोवर खेळ कारखान्यांतील कामगारांपर्यंत पोहोचला होता आणि दुपारची मजुरी बुडवून खेळायला जाणे या कामगारांना परवडणारे नव्हते. लँकेशायरमधील क्लब खेळाडूंना छुपे पैसे देत असत. अखेरीस जुलै 1885 मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. शेफील्डच्या स्थानिक संघटनेचा त्याला विरोध होता आणि वेन्सडे क्लबही दोन वर्षे अडून बसला होता. आपले खेळाडू एकगठ्ठा दुसरा क्लब काढायला निघाले, तेव्हा 1887 मध्ये वेन्सडेच्या चालकांनी नमते घेतले. ब्रॅमल लेन मैदानाच्या चालकांनी 1889 मध्ये शेफील्ड युनायटेड हा क्लब उभा केला. हे दोन्ही क्लब 1892 मध्ये फुटबॉल लीग या व्यावसायिक क्लबांच्या साखळी स्पर्धेत दाखल झाले. शेफील्ड एफ.सी. मात्र हौशीच राहिला.

हौशी राहणे ही चूक होती, असे आम्हाला वाटत नाही, पण त्याची किंमत मोठी होती. व्यावसायिक संघांशी बरोबरी अशक्य झाल्यावर केवळ हौशी संघांसाठी वेगळा चषक असावा, अशी सूचना याच क्लबने पुढे केली. असा चषक 1893-94 च्या हंगामात सुरू झाला आणि 1904 मध्ये ब्रॅडफर्ड येथे झालेल्या अंतिम सामन्यात ईलिंगला 3-1 असे हरवून शेफील्डने तो जिंकला. त्याच हंगामात वेन्सडेने सलग दुसऱ्यांदा लीगचे विजेतेपद मिळवले होते. एकाच शहरातील या दोन विजयांपैकी लोकांनी कोणता डोक्यावर घेतला असेल, हे सांगायला नको.

दुसरे कारण मैदानाचे, आणि आमच्या मते त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. क्लबचे स्वतःच्या मालकीचे मैदान दीर्घकाळ नव्हते. ॲबीडेल पार्क, ओलर्टनचे क्रीडासंकुल, डॉन व्हॅली स्टेडियम असा त्याचा बिऱ्हाडाचा प्रवास झाला. 25,000 प्रेक्षकांसाठी बांधलेल्या डॉन व्हॅलीसारख्या ठिकाणी दोन-तीनशे माणसांसमोर खेळताना कोणत्याही संघाला घरच्या मैदानाचा आधार वाटणार नाही, हे उघड आहे. प्रेक्षक, तिकिटाचे उत्पन्न, उपाहारगृहाची कमाई आणि त्यातून खेळाडूंवर करता येणारा खर्च ही साखळी मैदानापासून सुरू होते. 2001 मध्ये क्लब ड्रॉनफील्ड येथे ‘कोच अँड हॉर्सेस’ या पबला लागून असलेल्या मैदानावर स्थिरावला. ते गाव डर्बीशायरमध्ये येते, म्हणजे शेफील्डचे नाव लावणारा सर्वांत जुना क्लब शेफील्डच्या हद्दीबाहेर खेळू लागला!

प्रश्न: इंग्लंडमध्ये अशा क्लबांना नॉन-लीग म्हणतात, तरी ते कुठल्या ना कुठल्या लीगमध्ये खेळतातच. ही व्यवस्था कशी आहे? शेफील्ड एफ.सी. तत्त्वतः प्रीमियर लीगपर्यंत जाऊ शकतो का?

उत्तर: प्रीमियर लीगचे 20 आणि त्याखालील तीन विभागांचे 72, असे एकूण 92 क्लब वरच्या चार स्तरांत असतात. पाचव्या स्तरापासून खाली जे काही आहे त्याला नॉन-लीग म्हणण्याचा प्रघात आहे. पाचव्या स्तरावर नॅशनल लीग असून त्याखाली प्रादेशिक लीगांच्या पायऱ्या उतरत जातात. शेफील्ड एफ.सी. पूर्वी यॉर्कशायर लीगमध्ये होता. 1982 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगचा तो संस्थापक सभासद बनला आणि 2007 मध्ये बढती मिळवून नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या खालच्या विभागात, म्हणजे आठव्या स्तरावर पोहोचला. पुढे अनेक हंगाम तो तिथेच खेळत राहिला. तत्पूर्वी 1977 मध्ये एफ.ए. (फुटबॉल असोसिएशन) व्हाझ या छोट्या क्लबांच्या स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली होती. लंडनच्या वेम्बली मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाल्यावर फेरसामन्यात बिलेरिके टाउनने त्याला हरवले.

तत्त्वतः वाट आज मोकळी आहे, पण ती नेहमीच तशी नव्हती. 1987 पर्यंत चौथ्या विभागातील तळाच्या चार क्लबांना सभासदत्व टिकवण्यासाठी इतर क्लबांची मते मागावी लागत आणि बाहेरच्या इच्छुकांचे भवितव्यही याच मतांवर ठरे. साहजिकच, ओळखीच्या सभासदाला घालवून नवख्याला आत घेण्याकडे मतदारांचा कल नसे. विम्बल्डनला 1977 मध्ये आणि विगन ॲथलेटिकला 1978 मध्ये ही मते मिळाली. विम्बल्डनने अवघ्या 11 वर्षांत, 1988 मध्ये, लिव्हरपूलला 1-0 असे हरवून एफ.ए. कप जिंकला, तर विगनने हाच चषक 2013 मध्ये मिळवला. 1987 मध्ये स्कारबरो हा मतांविना थेट बढती मिळालेला पहिला क्लब ठरला. तरीही मैदान अपुरे असेल तर दार बंदच राही. 1996 मध्ये पाचव्या स्तराचे विजेतेपद मिळवूनही स्टीव्हनेजला मैदानाच्या निकषांमुळेच वर जाऊ दिले नाही.

प्रश्न: शेफील्डच्या आधीही फुटबॉलचे क्लब होते, असे काही जण म्हणतात. मग ‘सर्वांत जुना’ हा मान कितपत खरा?

उत्तर: एडिंबरोमध्ये 1824 मध्ये जॉन होप यांनी फुटबॉलचा क्लब काढला होता, पण तो 1841 च्या सुमारास बंद पडला. केंब्रिज विद्यापीठाचा क्लब आपले मूळ 1856 मध्ये असल्याचे सांगतो. त्यामुळे ‘आजही चालू असलेला, विद्यापीठाबाहेरचा सर्वांत जुना क्लब’ असे म्हटले तर शेफील्डचा दावा निर्वेध आहे. 1862 चा नॉट्स काउंटी हा जगातील सर्वांत जुना व्यावसायिक क्लब मानला जातो. 2019 मध्ये तो चौथ्या विभागातून खाली घसरला आणि 2023 मध्ये परत वर आला. म्हणजे मधली चार वर्षे हे दोन्ही ‘सर्वांत जुने’ क्लब नॉन-लीगमध्येच होते. जागतिक संघटना फिफाने 2004 मध्ये शेफील्डला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. क्लब म्हणून हा सन्मान मिळालेला दुसरा संघ रिआल माद्रिद आहे. 2007 मध्ये दीडशे वर्षांच्या सोहळ्यात इंटर मिलानचा संघ ब्रॅमल लेनवर शेफील्डविरुद्ध खेळला आणि त्या वेळी पेले स्वतः उपस्थित होते.

प्रश्न: क्लबने आपली मूळ हस्तलिखित नियमावलीच विकून टाकली, हे खरे का? असा ठेवा विकणे योग्य आहे का?

उत्तर: खरे आहे. जुलै 2011 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेत नियमावली, तिची छापील प्रत आणि क्लबची जुनी इतिवृत्ते 8,81,250 पौंडांना विकली गेली. मैदान आणि सुविधा उभारण्यासाठी भांडवल हवे, हे त्यामागचे कारण होते. इतिहासाच्या अभ्यासकांना हळहळ वाटणे स्वाभाविक आहे आणि अशी कागदपत्रे शक्यतो सार्वजनिक संग्रहालयात असावीत, या मताचे आम्हीही आहोत. परंतु ज्या क्लबला दीड शतकात घरच्या मैदानाचे सुख क्वचितच लाभले, त्याने तिजोरीतली वही विकून मैदानाची तजवीज करू पाहिली, तर त्याला दूषण देणे आम्हाला जड जाते. मजकूर तर हरवलेला नाही. नियम छापून प्रसिद्ध झाले आहेत आणि कोणालाही वाचता येतात. शेफील्ड शहराच्या हद्दीत परतण्याच्या योजनांवर क्लब त्यानंतरही काम करत राहिला.