कोणती टेस्ट लावू? आधी आकडे कसे जमवले ते सांगा

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की 'मॅडम, कोणती टेस्ट लावू?' हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. सोबत एक्सेलची फाइल येते. पण त्यातले आकडे कुणाचे, कुणी मोजले, एकाच माणसाचे दोनदा मोजले की वेगवेगळ्या माणसांचे, हे फाइलवरून कळत नाही. माझा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो, कारण चाचणी कोणती हे बहुतेक वेळा आकडे जमवतानाच ठरून गेलेलं असतं. या वेळच्या सहा पत्रांतही घोळ तिथूनच सुरू झाला आहे.

मी तिसरीच्या १० मुलांची वाचनगती मोजली, सहा आठवडे रोज जोडीवाचन घेतलं आणि पुन्हा मोजली. आधीची सरासरी मिनिटाला ५४.४ शब्द होती, नंतरची ५८. टी-मूल्य ०.५३ आलं, सारणीत २.१० आहे. माझा उपक्रम वाया गेला का? (एम.एड.ची विद्यार्थिनी, सातारा)

नाही. तुम्ही लावलेली चाचणी दोन वेगवेगळ्या गटांसाठी असते. तुमच्याकडे गट एकच आहे, तीच दहा मुलं दोनदा मोजलेली.

तुम्ही पाठवलेला तक्ता समोर घेऊन बसले आहे. एक मूल मिनिटाला ३० शब्द वाचतं, दुसरं ७८. मुलामुलांतलं हे अंतर इतकं मोठं आहे की प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत) १५ च्या आसपास जातं. स्वतंत्र गटांची टी-टेस्ट या सगळ्या अंतराला 'गोंगाट' समजते आणि त्यात तुमची ३.६ शब्दांची वाढ बुडून जाते. पण ३० वाल्या मुलाची तुलना ७८ वाल्याशी करायचीच नव्हती. ते ३० वरून ३७ वर गेलं, एवढंच आपल्याला हवं आहे.

म्हणून प्रत्येक मुलाचा फरक काढा: ५, ३, ६, २, ४, −१, ५, ७, २, ३. आता तुमचा डेटा म्हणजे हे दहाच आकडे. त्यांची सरासरी ३.६, प्रमाण विचलन २.३२. त्याला १० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, ०.७३ येते. ३.६ भागिले ०.७३३ म्हणजे टी ४.९१. स्वाधीनता मात्रा (डीएफ; इथे आकड्यांच्या संख्येहून एक कमी) ९, सारणीमूल्य २.२६. टी त्याच्या वर गेला की फरक सार्थक धरतात. तीच मुलं, तेच आकडे, आणि टी ०.५३ वरून ४.९१ वर गेला. प्रबंधात नुसतं 'सार्थक फरक आढळला' लिहून थांबू नका. ९५ टक्के विश्वास-मर्यादा (खरी वाढ ज्या टप्प्यात असावी तो टप्पा) १.९ ते ५.३ शब्द येते, तीही लिहा. मिनिटाला दोन शब्द की पाच, यातला फरक वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाला बरोबर कळतो.

आता कडू भाग. वाढ झाली हे तुम्ही दाखवलं, पण ती जोडीवाचनामुळे झाली हे या आराखड्यातून दाखवता येत नाही. तिसरीतलं मूल सहा आठवड्यांत तसंही थोडं पुढे जातं, आणि दुसऱ्या खेपेला चाचणीची भीतीही कमी झालेली असते. शेजारच्या तुकडीची, उपक्रम न घेतलेली मोजणी असती तर बोलता आलं असतं. कोणताही टी ही उणीव भरून काढत नाही. ती मर्यादा प्रबंधात स्वतःहून लिहा. परीक्षकांनी विचारल्यावर सांगण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. दोन वेगळ्या तुकड्या असताना हजेरीपटावरचा पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असा जोडून जोडीची टी-टेस्ट लावलेली. तशी जोडी खरी नसते. जोडी व्हायला तेच मूल, तेच शेत, जुळी भावंडं असं काही नातं आधीपासून असावं लागतं.

नमुना ३० पेक्षा मोठा असेल तर झेड, लहान असेल तर टी, हे बरोबर ना? (बी.एस्सी., नाशिक)

परीक्षेत तसं लिहून गुण मिळतील, पण कारण वेगळं आहे. समष्टीचं, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं त्या सगळ्यांचं, प्रमाण विचलन खरोखर माहीत असेल तर झेड. ते नमुन्यातूनच काढलं असेल तर टी, मग नमुना कितीही असो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्यापुढे मोजक्याच मोजमापांवरून निर्णय घेण्याची अडचण होती. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने जो निबंध छापला, त्यातून टी आला. नमुना वाढत गेला की टी हळूहळू झेडजवळ सरकतो. ३० च्या नमुन्याला टीची मर्यादा २.०४५ आणि झेडची १.९६. छापील सारण्यांच्या काळात हा फरक सोडून देणं सोयीचं होतं, म्हणून ३० चा आकडा रूढ झाला. संगणकावर काम करत असाल तर सरळ टी घ्या.

पी-व्हॅल्यू ०.०२ आली. म्हणजे माझी परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९८ टक्के, असं निष्कर्षात लिहिलं तर चालेल का? (मानसशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

नाही चालणार. हे वाक्य मी इतक्या निष्कर्षांतून खोडलं आहे की जरा सावकाश सांगते.

भाजी घेतली, सुटे परत मिळाले, त्यातलं दोन रुपयांचं एक नाणं तुम्ही दहा वेळा उडवलं. नऊ वेळा छापा पडला. सरळ नाण्यात दहापैकी नऊ किंवा दहा वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता १०२४ मध्ये २२, म्हणजे ०.०२१५. तुमच्या पी-व्हॅल्यूएवढीच. मग ते नाणं खोटं असण्याची शक्यता ९८ टक्के झाली का? तुम्ही ते नाणं परत करायला भाजीवालीकडे जाल का? नाही जाणार. दहा वेळा उडवताना असं कधीतरी होतं, म्हणून सोडून द्याल. आता हेच नऊ छापे एखाद्या जादूगाराने स्वतःच्या खिशातून काढलेल्या नाण्याचे असते, तर तुम्हाला लगेच संशय आला असता. पी दोन्हीकडे ०.०२१५ च आहे. नाणं खोटं असण्याची शक्यता मात्र दोन्हीकडे सारखी नाही, कारण ती नाणं कुठून आलं यावरही अवलंबून आहे आणि ते पी-व्हॅल्यूला माहीत नसतं.

पी-व्हॅल्यू सांगते ते एवढंच: शून्य परिकल्पना ('प्रत्यक्षात फरक नाही' हे गृहीतक) खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल. 'खरी धरली तर' हे शब्द वगळले की वाक्याचा अर्थच उलटा होतो. हा गैरसमज एवढा पसरला होता की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढलं. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही निष्कर्षात असं लिहा: 'दोन गटांत प्रत्यक्षात फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने १०० पैकी सुमारे २ वेळा दिसला असता.' वाक्य लांब झालं तरी चालेल.

प्रायोगिक गटात २०, नियंत्रित गटात २० मुलं. सरासरीत ४.२ गुणांचा फरक, पी ०.०७. मार्गदर्शक म्हणतात, शून्य परिकल्पना स्वीकारा आणि दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत असं लिहा. मित्र म्हणतो वन-टेल चाचणी घे, पी निम्मी होईल. कुणाचं ऐकू? (शिक्षक, लातूर)

या बाबतीत दोघांचंही ऐकू नका.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे प्रश्न उलटा आहे. पोहरा कोरडा वर आला, म्हणून आड कोरडा म्हणायचा का? आधी दोर किती लांब होता ते बघायला हवं. तुमचा दोर म्हणजे नमुना. दोन पद्धतींत खरोखरच अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा फरक असला, तरी प्रत्येकी २० मुलांच्या अभ्यासाला तो सापडण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश आहे. तोच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ६४ मुलं लागतात.

तुमच्या आकड्यांवरून प्रमाण त्रुटी २.२६ येते, म्हणून फरकाची ९५ टक्के मर्यादा उणे ०.४ ते अधिक ८.८ गुण अशी आहे. ती नीट वाचा. नवी पद्धत जवळपास निरुपयोगी असू शकते, किंवा जवळजवळ नऊ गुणांनी सरस असू शकते. यावर 'दोन्ही सारख्याच' असं लिहिणं म्हणजे न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणणं. 'शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' असं लिहा आणि खाली ही मर्यादा द्या. मराठी प्रबंधांत 'स्वीकार' हा शब्द इतका मुरला आहे की मार्गदर्शक तो सवयीनेच सुचवतात. त्यांना ही मर्यादा दाखवून विनंती करा, बहुतेक जण ऐकतात.

मित्राचा मार्ग मात्र खरा धोक्याचा. वन-टेल (एकाच दिशेचा फरक तपासणारी) की टू-टेल (दोन्ही दिशांचा) हे पहिल्या मुलाची चाचणी घेण्याआधी ठरवायचं असतं, आणि तेही उलट दिशेचा फरक निघाला तर त्यात आपल्याला काहीच रस नाही अशी खात्री असेल तरच. नवी पद्धत मुलांना मागे खेचत असेल तर शिक्षक म्हणून तुम्हाला ते कळायला नको का? ०.०७ पाहिल्यावर शेपूट कापून ०.०३५ करणं ही आकड्यांची फसवणूक आहे. शिवाय ०.०५ ही काही लक्ष्मणरेषा नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात ती सोयीची मर्यादा म्हणून वापरली आणि तीच रूढ झाली.

बाजारपेठेतल्या ४० दुकानदारांना विचारलं: जास्त व्यवहार यूपीआयने की रोखीने? चाळिशीच्या आतल्या २० पैकी १२ जण यूपीआय म्हणाले, चाळिशीपुढच्या २० पैकी ७. टक्केवारी काढून काय-स्क्वेअर केला, १२.५३ आला. मैत्रिणीचा २.५१ येतो. कुणाचा बरोबर? (बी.कॉम., रत्नागिरी)

मैत्रिणीचा. काय-स्क्वेअर ही दोन गोष्टींचा (इथे वय आणि यूपीआय) संबंध तपासणारी चाचणी. तिला माणसं मोजून द्यायची असतात, टक्के नव्हेत. ६०, ४०, ३५, ६५ असे आकडे भरलेत तेव्हा तुम्ही ४० दुकानदारांचे २०० केलेत, आणि उत्तरही नेमकं पाचपट फुगलं.

हिशेब असा. एकूण १९ जण यूपीआयवाले. वयाचा काही संबंध नसता तर दोन्ही गटांत साडेनऊ-साडेनऊ दिसायला हवे होते, रोखीचे साडेदहा-साडेदहा. प्रत्येक चौकटीत अंतर २.५, त्याचा वर्ग ६.२५. तो दोनदा ९.५ ने आणि दोनदा १०.५ ने भागून बेरीज करा, २.५१ येईल. स्वाधीनता मात्रा १ ला मर्यादा ३.८४, म्हणजे वयाशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा नाही. वरचं पोहऱ्याचं बोलणं इथेही लागू आहे.

दोन गोष्टी पुढच्यासाठी. अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट चाचणी घ्या. आणि त्याच दुकानदारांना वर्षभराने पुन्हा विचारलंत तर हा काय-स्क्वेअर चालणार नाही, मॅकनेमारची चाचणी लागेल. साताऱ्याच्या ताईंची जोडीची गोष्ट, फक्त हो-नाही उत्तरांसाठी.

हरभऱ्याचे ५ वाण, आरबीडी (शेताचे ब्लॉक पाडून, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे वाण लावलेला आराखडा), ४ रेप्लिकेशन (ब्लॉक), प्रत्येक प्लॉटमधून १० झाडांचे घाटे मोजले. सर्व जोड्यांच्या दहा टी-टेस्ट केल्या, तीन सार्थक आल्या. त्या तीनच लिहू का? (एम.एस्सी. कृषी, परभणी)

दहा चाचण्या प्रत्येकी ५ टक्क्यांवर करता, तेव्हा वाणांत काहीच फरक नसला तरी एखादी उगाच सार्थक निघण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर ती ४० टक्के झाली असती. तुमच्या जोड्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत म्हणून त्याहून कमी, पण ५ च्या बऱ्याच वर. त्यामुळे तीनच लिहून उरलेल्या सात गाळणं तर नकोच, पण दहा टी-टेस्टही नकोत. आधी एकत्रित अनोव्हा, म्हणजे सगळ्या वाणांच्या सरासरींची एकाच चाचणीत तुलना. फिशर यांनी ही पद्धत रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात काम करताना अशाच प्रयोगांसाठी घडवली.

पण मला जास्त काळजी झाडांची वाटते. तुमच्या प्रिंटआउटमध्ये एरर डीएफ १९५ दिसतो, म्हणजे २०० झाडं २०० स्वतंत्र निरीक्षणं म्हणून गेली आणि ब्लॉकही सुटले. वाण तुम्ही प्लॉटला दिला होता, झाडाला नाही. एका प्लॉटमधली दहा झाडं एकाच मातीवर, एकाच पाण्यावर वाढली, तिथे ओल जास्त असेल तर दहाच्या दहा झाडांना घाटे जास्त लागतील. प्रयोगात खरी निरीक्षणं २० प्लॉटची, २०० झाडांची नाहीत. प्रत्येक प्लॉटची दहा झाडांची सरासरी काढा आणि ते २० आकडे भरा. वाणांचा डीएफ ४, ब्लॉकचा ३, एररचा १२. ५ टक्क्यांना एफची (अनोव्हातून येणाऱ्या मूल्याची) मर्यादा ३.२६ आहे. एफ तिच्यावर गेला तरच सीडी (दोन वाणांत किमान किती फरक असला तर तो सार्थक) काढून कोणता वाण कोणापेक्षा सरस ते पाहा. एखादी जोडी तेव्हा गळून पडली तर वाईट वाटून घेऊ नका, ती बहुधा त्या एका ओलसर प्लॉटची असेल.