परदेशात फिरायला कुठे जावं हे सुचत नसेल, तर गाइडबुकचा उपयोग होतो का?

होतो, पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. फोटोंवरही भुलू नका, फोटोत सगळीच गावं छान दिसतात. आधी नकाशा उघडा आणि मोठ्या शहरापासून थोडं आडबाजूला काय आहे ते बघा.

उदाहरणार्थ जॉर्जिया हा देश. बहुतेकांचा प्लॅन राजधानी तिबिलिसीपाशीच संपतो. पण नकाशात वायव्येला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत स्वानेती हा डोंगराळ प्रदेश दिसेल. तिथे घराघराला चिकटून मध्ययुगीन दगडी बुरूज उभे आहेत. उश्गुली हे गाव सुमारे 2100 मीटरवर आहे आणि त्यातली चाझाशी ही वस्ती 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. स्वानेतीतल्याच मेस्तिया या गावाहून उश्गुलीपर्यंत लोक साधारण चार दिवसांत चालत जातात, रात्री वाटेतल्या गावांत घरगुती मुक्काम. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे नक्की आवडेल. मात्र हवामानाचं पान वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ असतं, जून ते सप्टेंबर बरा.

गाइडबुकं काढणाऱ्या मिशलिन कंपनीच्या हिरव्या प्रवासी गाइडमध्ये ठिकाणांना तारे दिलेले असतात; तीन तारे म्हणजे 'खास त्यासाठी प्रवास करावा असं ठिकाण'. मी मात्र दोन तारेवाली ठिकाणं आधी बघतो, गर्दी कमी असते.

रद्दीवाल्याकडची जुनी आवृत्तीही चालेल. फक्त व्हिसा, भाडी आणि वेळा नेटवर तपासा.