पिशवी डिकीत, डबा हातात

भावा, प्लॅस्टिक कमी करायचं म्हणतोस, तर पहिलं सांगतो: घरातले प्लॅस्टिकचे डबे लगेच फेकून देऊ नकोस. आहेत ते फुटेपर्यंत वापर, काचेच्या बरण्यांची हौस नंतर.

आमच्याकडं सगळ्यात जास्त कचरा दुधाच्या पिशव्यांचा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो सुटला की थेट गटारात, त्याला कोण वेचणार? पिशवी विसळून दोरीवर वाळव, मग भंगारवाला घेतो. ओली, आंबूस वासाची तो हातात धरत नाही. गवळी मिळाला तर बरणीतच दूध घे, झंझटच नको.

रविवारी तांबडा-पांढरा आणायला स्टीलचे दोन डबे ने. उकळता रस्सा पातळ पिशवीत बांधलेला बघून मला तर कसंतरीच होतं. हॉटेलवाला पहिल्यांदा हसेल, हसू दे.

राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी २०१८ पासून आहे, तरी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात मागितली की पिशवी मिळतेच. म्हणून कापडी पिशवी गाडीच्या डिकीतच ठेव, घरी ठेवलीस की विसरलीच.

वेफर्सच्या चकचकीत पुड्यांचं मात्र मलाही अजून जमलेलं नाही. थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळं भंगारातही चालत नाहीत, आणि पोरं काय ऐकत नाहीत.