मीटर लावला की बिघाड गायब!

प्रश्न : सीताबर्डीवरून ७४एचसी०० ही चार नँड गेटची आयसी आणून ब्रेडबोर्डवर त्यातलं एक गेट जोडलं (नँड म्हणजे दोन्ही इनपुटला व्होल्टेज असेल तरच आउटपुट बंद). पिन २ थेट ५ व्होल्टला, पिन १ पुश बटणातून ५ व्होल्टला, पिन ३ वर एलईडी. बटण सोडल्यावर एलईडी कधी लागतो, कधी नाही. हात जवळ नेला तरी लुकलुकतो. व्होल्टेज मोजायला पिन १ वर मल्टिमीटर लावला की मात्र सगळं ठीक! आयसी गेली का?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : आयसी बहुधा धडधाकट आहे. बटण सोडलं की पिन १ कशालाच जोडलेली राहत नाही, मग हातातून येणारा घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाटही तिला पुरतो. मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. तेवढ्यानेही पिन ग्राउंडकडे ओढली जाते. वैद्य आला की दुखणं पळतं, तसंच हे. पिन १ ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. न वापरलेले इनपुट ४, ५, ९, १०, १२, १३ ग्राउंडला जोडा. ६, ८, ११ हे आउटपुट आहेत, ते मोकळेच ठेवा.

तरीही जमलं नाही, तर सप्लाय थेट आयसीच्या १४ आणि ७ नंबरच्या पायांवर मोजा, ब्रेडबोर्डच्या सप्लायच्या पट्टीवर नव्हे. लांब ब्रेडबोर्डची पट्टी कधी कधी मधोमध तुटक असते. १४ ला सप्लाय नसला तरी इनपुटमधून चोरवाटेने वीज शिरते आणि गेट अर्धवट चालतं. हा बिघाड फार फसवा. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच.